जमुऱ्याची शाळा : बिदर-गुलबर्गा पट्ट्यातली हातचलाखी

बिदरचा किल्ला, महमूद गावानचा मदरसा, गुलबर्ग्याची जामा मशीद यांवर आपल्या मंडळात भरपूर लिहून झालं आहे, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण याच गावांच्या बाजारात डमरू वाजवून माणसं गोळा करणारे, तीन वाट्या आणि चार चिंध्यांच्या गोळ्यांवर अख्खी दुपार तोलून धरणारे जे लोक होते, त्यांच्या विद्येचा इतिहास आपण बहुधा ‘करमणूक’ म्हणून सोडून देतो. ही विद्या कशी शिकली जायची आणि शिकणं कशामुळे थांबलं, एवढ्यापुरताच हा लेख.

जुना धागा आपल्याच जिल्ह्यात सापडतो. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. मराठी वाचकांना हा ग्रंथ त्यातल्या जुन्या मराठी गीताच्या उल्लेखामुळे ठाऊक असतो. त्याच्या चौथ्या भागात राजाचे वीस विनोद, म्हणजे करमणुकीचे प्रकार, दिले आहेत. कुस्ती, कोंबड्यांची झुंज, शिकार, गीत, नृत्य, कथा अशी ती यादी जाते आणि शेवटचा विसावा प्रकार आहे ‘चमत्कारविनोद’. बाराव्या शतकात कल्याणीच्या दरबारी चमत्कार दाखवणं ही एक मान्य करमणूक होती, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. त्याच्याही आधी शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात मायावी माणसाचा दाखला दिला आहे: ढाल-तलवार घेऊन दोरीने आकाशात चढणारा दिसतो, पण खरा मायावी जमिनीवरच उभा असतो. (दोरीच्या खेळाचा जगभर जो गाजावाजा झाला, तो मात्र १८९० साली शिकागोच्या एका वर्तमानपत्राने छापलेल्या बातमीमुळे. काही महिन्यांनी त्याच पत्राने ती बनावट असल्याचं कबूल केलं. पण कबुली कोण वाचतो?)

शब्दांकडेही जरा पाहू. गारुडी म्हणजे मुळात गरुडविद्या, सापाच्या विषावरची विद्या जाणणारा. पुढे तो साप खेळवणारा झाला आणि मग जादू करणारा. एकनाथांच्या भारुडांत गारुडी आहे, डोंबारी आहे. आपण अजूनही ‘लोकांवर गारूड केलं’ म्हणतो. सीमेपलीकडे, म्हणजे खरं तर आपल्या शेजारच्या घरात, कन्नडमध्ये हाच शब्द ‘गारुडिग’ होतो, आणि ज्यांच्या घरची बोली मराठी होती त्या द. रा. बेंद्र्यांना कन्नड वाचक ‘शब्दगारुडिग’ म्हणतात. मदारी हा शब्द वेगळ्या वाटेने आला: शाह मदार यांच्या अनुयायी फकिरांवरून. एकाच चौकातला एकच माणूस मराठी बाईच्या तोंडी गारुडी आणि दखनी बोलणाऱ्याच्या तोंडी मदारी असायचा. त्यालाही दोन्ही चालायचं.

आता शिकण्याकडे. ही शाळा घरातलीच. पाच-सहा वर्षांचं पोर आधी जमुरा व्हायचं. जमुऱ्याचं काम वरवर सोपं: चादरीखाली पडून राहायचं आणि विचारलं की उत्तर द्यायचं. डोळे बांधलेले असताना समोरच्याच्या हातात घड्याळ आहे की रुपया, हे तो सांगायचा कसा? प्रश्नाच्या शब्दांत उत्तर दडलेलं असतं. समजा ‘बता’ म्हटलं तर एक वस्तू, ‘जल्दी बता’ म्हटलं तर दुसरी, नाव घेऊन विचारलं तर तिसरी. अशी यादी पाठ करायची, आणि ती पाठ आहे हे चेहऱ्यावर, आवाजावर येऊ द्यायचं नाही. म्हणजे हात चालायच्या आधी कान आणि जीभ तयार होत असे. माझ्या मते या शिक्षणाचं मर्म इथेच आहे, आणि पुस्तकांतून जादू शिकणाऱ्यांकडून नेमकं हेच सुटतं.

हाताचा पाया म्हणजे वाट्या आणि गोळ्या. हा जगातला फार जुना खेळ. पहिल्या शतकातल्या रोमच्या सेनेकाने आपल्या पत्रांत वाट्या-खड्यांच्या जादूगाराचा उल्लेख केला आहे. युरोपात तो मेजामागे उभं राहून करतात. आपल्याकडचा खेळवाला जमिनीवर उकिडवा बसतो आणि लोक चारही बाजूंनी. अस्तन्या बहुधा नसतात, मेज नाही, पडदा नाही. त्याच्या वाट्या छोट्या, वरती बोंडी असलेल्या. बोंडी दोन बोटांत धरून वाटी उचलायची, आणि त्याच वेळी बोटांच्या बुडाशी दडवलेली गोळी वाटीखाली सरकवायची. वाटी ठेवण्याची हालचाल आणि गोळी सोडण्याची हालचाल वेगळी दिसली की खेळ संपला. चिंधीची गोळी घ्यायची ती यासाठी की ती आवाज करत नाही आणि दाबली की बोटांत बसते. नाणं लपवायला तळहाताचे स्नायू लागतात. शहरातले जादूगार त्याला पामिंग म्हणतात. नाणं तळहातात धरूनच पाणी भरणं, दोर वळणं, असली रोजची कामं करायची. हात नैसर्गिक दिसायचा तर तो कामात असतानाच शिकवावा लागतो.

छडी किंवा चिमूटभर राख कशाला, हेही सांगून टाकतो. मंत्रासाठी नव्हे. राख घ्यायला हात झोळीत जातो आणि परत येताना रिकामा येत नाही. तो झोळीत का गेला हे कुणी विचारत नाही, कारण राखेचं कारण डोळ्यांसमोर आहे.

आंब्याच्या रोपाचा खेळ याहून अवघड, कारण त्याला झाड लागतं. कोय मातीत पुरायची, वर फडकं, मग कोंब, मग रोप, शेवटी कैरी. फडक्याआड वेगवेगळ्या उंचीच्या ओल्या डहाळ्या बदलत जातात. आंब्याचं पान चिवट, घडी घातली तरी चटकन मोडत नाही, म्हणून आंबाच. पण कैरी दाखवायची तर हंगाम हवा आणि वाटेत कुठल्या मळ्यात आमराई आहे याची माहिती हवी.

माहिती म्हटली की जत्रा आल्या. आपल्या पट्ट्यात खेळ करणाऱ्याला दोन पंचांगं सांभाळावी लागत. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भालकी तालुक्यातलं मैलार. पौर्णिमेला दत्तजयंती, तेव्हा हुमनाबादजवळचं माणिकनगर आणि भीमा-अमरजा संगमावरचं गाणगापूर एकाच वेळी भरतं, म्हणजे दोन्हीपैकी एक निवडायचं. वद्य पक्षात नांदेडकडे माळेगावची खंडोबाची जत्रा. होळीनंतर पाचव्या दिवशी गुलबर्ग्यात शरणबसवेश्वरांचा रथ. पण ख्वाजा बंदे नवाजांचा उरूस जिल्काद महिन्यात, हिजरी पंचांगाने, आणि तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. मराठी, कन्नड, दखनी अशा तीन भाषांत गर्दी हसवता यायला हवी. मुख्य संवाद दखनीत, कारण तो सगळ्यांना थोडाफार कळायचा. पैसे मागताना मात्र समोरच्याच्या भाषेत. पैसे मागण्याची वेळ हाही धडाच. जमुऱ्याच्या मानेवर सुरी आहे, चादरीवर लाल डाग आहे, तिथेच खेळ थांबवायचा आणि ‘पापी पेट का सवाल’ काढायचा. खेळ पुरा झाल्यावर कोण थांबतं?

सगळंच गोड नव्हतं. त्याच झोळीतून ताईत आणि मुळ्याही विकल्या जात. खेळ हाताचा आहे हे सांगणारा माणूस पुढच्या क्षणी ताईत मात्र खरा म्हणायचा.

हे शिकणं थांबायला सिनेमा किंवा टीव्ही एवढंच कारण देणं मला पटत नाही. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. मुंबई इलाख्यात मांग-गारुडी त्या यादीत होते, आणि निजामाच्या राज्यातही अशा जमातींवर नोंदणी-हजेरीची पाळत होती. फिरणं हाच ज्यांचा धंदा, त्यांचं फिरणंच संशयास्पद ठरलं. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला: उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्राकडे, जहीराबाद-नारायणखेड तेलुगू भागाकडे. अनुसूचित जातींच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या. महाराष्ट्राच्या यादीत मदारी आणि गारुडी ही नावं मांग-मातंगांच्याच नोंदीत येतात. कर्नाटकात मांग-गारुडी अशी स्वतंत्र नोंद आहे. सोयरीक उदगीर-भालकीची आणि दाखला मात्र एकाच राज्यात चालणारा. त्यात १९५९च्या मुंबई भीकप्रतिबंधक कायद्याने गाणं, नाच, भविष्य, खेळ या मिषाने पैसे घेणंही भीक ठरवलं. कर्नाटकाने १९७५ साली स्वतःचा असा कायदा केला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने साप गेले, १९९८च्या अधिसूचनेने माकडं-अस्वलं गेली. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झालं. पण ज्याच्याकडे फक्त वाट्या आणि गोळ्या होत्या, त्यालाही पोलीस त्याच नजरेने उठवू लागले. अशा धंद्यात पोराला कोण बसवेल? पोर शाळेत गेलं, आणि जायलाच हवं होतं.

विद्या मात्र दुसऱ्या हातांत गेली. पुण्याचे जादूगार रघुवीर (१९२४–१९८४) यांनी सुरुवातीचे धडे रस्त्यावर खेळ करणाऱ्या एका राजस्थानी कलावंताकडून घेतले, असं त्यांच्याविषयी लिहिलं गेलं आहे. पुढे त्यांनी ती कला रंगमंचावर नेली, आणि मुलगा विजय व नातू जितेंद्र यांनी ती चालवली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्तेही चमत्कार-सादरीकरणात हेच करतात: मुठीतून भस्म काढतात, काडी न ओढता जाळ करतात, आणि मग कसं केलं ते सांगतात. गारुडी ते शेवटचं तेवढं सांगत नसे.

युक्त्या आता कुणालाही मोबाईलवर मिळतात. मिळत नाही तो जमुऱ्याचा संवाद, आपल्या बाजारातला, दखनीत मराठी-कन्नडची फोडणी असलेला. भालकी, औराद, आळंद, बसवकल्याणच्या वाचकांनी घरातल्या किंवा ओळखीतल्या साठीपुढच्या माणसांना विचारावं. लहानपणी शंभरदा ऐकलेला तो संवाद अनेकांना अजून तोंडपाठ असेल. ज्यांनी स्वतः खेळ केले त्यांच्याकडे जाल तर वाट्यांचा भेद विचारू नका. संवाद म्हणून दाखवा म्हणा, आणि फोनचं रेकॉर्डिंग त्यांना विचारूनच चालू करा.