शीग

मंडईत भाजी घेऊन झाली, पैसे दिले, सुट्टे परत आले, तरी पुणेकर जागचा हलत नाही. पिशवीचं तोंड उघडं धरून उभा राहतो. "मावशी, वर चार मिरच्या टाका की." मावशी कुरकुरतात, पण कोथिंबिरीच्या दोन काड्या आणि कढीपत्त्याची डहाळी पिशवीत पडतेच. या 'वर'चं कूळ शोधत गेलं, तर माझ्या मते ते धान्याच्या मापापाशी पोचतं, 'शीग' या शब्दापाशी.

चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही भरायची मापं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. माप भरून काठावरून हात फिरवला की ते सपाट. हात न फिरवता वर दाण्यांची निमुळती रास राहू दिली, की ती शीग. ज्वारीची शीग वेगळी, तांदळाची वेगळी, आणि भरणाऱ्याच्या मनाप्रमाणे तर रोज वेगळी. दाणे घरंगळू लागले म्हणजे पुरे. मोजणाराही पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे.

नाताळाशी शिगेचं नातं मला उशिरा कळलं. 'नाताळ' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. पण ज्याच्या जन्माचा हा सण, त्या येशूच्या तोंडून मराठी बायबलात, लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, देणाऱ्याच्या पदरात काय पडतं हे सांगायची वेळ आली तेव्हा भाषांतरकारांना आपल्या बाजारातलाच शब्द सापडला: शीग.

इंग्रजी अमदानीत नाताळची आणखी एक भेट होती, डाली. फळं, भाज्या, मिठाई यांची सजवलेली तबकं साहेबाच्या बंगल्यावर जात. पाठवणारे कंत्राटदार, जमीनदार, हाताखालचे अंमलदार. डाली कोणाकडून आली हे साहेबाच्या ध्यानात राहावं, यासाठीच तो खटाटोप. डाली वर चढायची. शीग ओसंडते ती खाली.

आपली मंडईही मुळात साहेबाच्याच नावाची होती. 1886 साली उघडली ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने, रे मार्केट म्हणून. नगरपालिकेत सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने इमारतीला नाव मिळालं ते फुल्यांचंच. ही शहराने घातलेली शीग की उशिरा चुकती केलेली बाकी, ज्याचं त्याने ठरवावं.

भाजी पायलीने मोजत नाहीत. तिला वाटा, जुडी, नाहीतर तराजू. 1956 च्या कायद्यानंतर शेर-पायली हळूहळू मागे पडून किलो आला, आणि आताचा इलेक्ट्रॉनिक काटा तर ग्रॅमसुद्धा सोडत नाही. काट्याला काठ नाही, मग शीग राहणार कुठे? ती पिशवीत उतरली. नीट पाहा, वरची कोथिंबीर मावशी कधी काट्यावर ठेवत नाहीत. ठेवली की तिचा भाव झाला.

पावसाळ्यात जुडी महागते, तेव्हा मावशी तोंडावर नाही म्हणतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. डिसेंबरात मात्र हिरवेगार ढीग लागतात, शेजारी मटार, गाजरं. गिऱ्हाईक पाकीट खिशात घालून वळतं न वळतं तोच मागून हाक येते, "अहो, पिशवी धरा की!"