नाताळचे बिस्किट आणि दालचिनीची साल

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात बेकरीच्या भट्टीपुढे पत्र्याचे ट्रे घेऊन माणसे उभी दिसतात. मैदा, तूप, साखर घरची; भाजणे तेवढे भट्टीवर. दिवाळीत नानकटाई करून नेणारी कुटुंबे आणि नाताळात बिस्किटे करून नेणारी कुटुंबे वेगळी असतील, भट्टी मात्र तीच. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि मनमाड हे जंक्शन बनले. मनमाड, भुसावळ, इगतपुरी अशा गावांत रेल्वेच्या नोकरीनिमित्त अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबे राहू लागली. त्यांच्या नाताळच्या ताटात करंजी असते, कुलकुल असतात आणि दालचिनीचा वास असलेली बिस्किटेही असतात. वर्गात विचारले तर मुले या बिस्किटांना सरळ 'इंग्रजी' म्हणून मोकळी होतात. हे उत्तर कितपत खरे आहे, ते आपण पाहू.

आधी झाडाकडे वळू. नाताळचे झाड सजवण्याची चाल मुळात इंग्रजांची नव्हे, जर्मन भाषक प्रदेशातली. स्ट्रासबुर्ग शहरातील १६०५ च्या एका नोंदीत घरात उभ्या केलेल्या झाडावर कागदी गुलाब, सफरचंदे, पातळ पापडीसारखी बिस्किटे आणि साखरेचे पदार्थ टांगल्याचा उल्लेख आहे. म्हणजे झाडावरचा पहिला साज खाण्याचाच होता. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे अशा झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापले गेले आणि मग ही चाल इंग्रजी घरांतून सर्वत्र पसरली. आपल्याकडे सूचिपर्णी वृक्ष सहज मिळत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी सुरूची फांदी आणतात. सुरू दिसतो सूचिपर्णीसारखा, पण तो सपुष्प वृक्ष आहे. त्याच्या 'सुया' म्हणजे पाने नसून बारीक हिरव्या डहाळ्या असतात.

आता दालचिनी. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले की अरबस्तानात मोठे पक्षी दालचिनीच्या काड्या आणून उंच कड्यांवर घरटी बांधतात. लोक खाली मांसाचे मोठे तुकडे ठेवतात, पक्षी ते घरट्यात नेतात, वजनाने घरटे कोसळते आणि काड्या हाती लागतात! इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने या गोष्टींची टर उडवली आणि त्या मालाचा भाव वाढवण्यासाठी रचलेल्या आहेत, असे सांगितले. तरी दालचिनीविषयीचा गोंधळ पुढे शतकानुशतके टिकला. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात जुन्या कथा बाजूला सारल्या. त्याने व्यापाऱ्यांना विचारले, प्रत्यक्ष माल पाहिला आणि उत्तम दालचिनी सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, असे नोंदवले. 'दारचिनी' या फारसी शब्दाचा अर्थ 'चीनचे लाकूड'. म्हणजे नावही झाडाच्या गावाचे नसून, लोकांच्या समजुतीचे.

ही साल स्वस्तात घराबाहेर पडली नाही. सिलोनच्या किनाऱ्यावर आधी पोर्तुगिजांनी आणि १६५८ पर्यंत त्यांना हुसकावून डचांनी दालचिनीचा मक्ता हाती घेतला. साल सोलणे हे तेथील सलागम जातीच्या लोकांवर लादलेले सक्तीचे काम होते. ठरलेले वजन भरावेच लागे, आणि चोरून विक्री केली किंवा झाडाची नासधूस केली तर कठोर शिक्षा होई. याच डचांची सुरतेला वखार होती आणि आपल्या नानकटाईची कुळकथा त्या वखारीतल्या भट्टीशी जोडली जाते. मनमाडच्या भट्टीत नानकटाईशेजारी दालचिनीचे बिस्किट भाजले जाते, तेव्हा या दोन वाटा एका ट्रेवर येऊन मिळतात.

वासाचे कारण कळायला १८३४ साल उजाडावे लागले. द्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सालीच्या तेलातून सिनॅमाल्डिहाइड वेगळे केले. खऱ्या दालचिनीत आणि कॅसिया या तिच्या चुलतबहिणीत, दोन्हींत ते असते, म्हणून वासावरून फसगत होते. डोळे मात्र फसत नाहीत. खऱ्या दालचिनीची सुरळी पातळ, अनेक पदरी आणि सहज चुरणारी असते. कॅसियाची साल जाड, टणक आणि एकपदरी असते. किराणा दुकानात बहुधा कॅसियाच मिळते. फरक फक्त प्रतीचा नाही. कॅसियात कुमारिन हे द्रव्य बरेच असते आणि ते जास्त प्रमाणात सतत पोटात गेल्यास यकृताला अपाय होऊ शकतो. २००६ मध्ये जर्मनीच्या शासकीय संस्थेने नाताळच्या दालचिनी बिस्किटांबाबत याच कारणाने इशारा दिला होता. रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. २५ किलोच्या मुलाला २.५ मिलिग्रॅम, आणि एक ग्रॅम कॅसियात साधारण तीन मिलिग्रॅम कुमारिन असू शकते. सणाच्या चार दिवसांत घाबरण्याचे कारण नाही. रोजच्या दुधात चमचाभर पूड घालणाऱ्यांनी मात्र हा हिशेब करावा. कोकणात आता खऱ्या दालचिनीची लागवड होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात त्यासाठीच आहे.

स्वस्त कॅसियाचा निर्धोक उपयोग म्हणजे झाडावरची सुगंधी लोंबती. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, चार-पाच चमचे पूड आणि लागेल तेवढे पाणी घालून घट्ट गोळा मळावा. पातळ लाटून तारे कापावेत, दोऱ्यासाठी भोक पाडावे आणि उलटसुलट करत काही दिवस उन्हात वाळवावेत. आम्ही प्रथम केले तेव्हा तारे जाड ठेवले. वरून वाळले, आतून ओले राहिले आणि तडकले. त्या चुकीनेच बाष्पीभवनाचा एक चांगला तास झाला. मीठ पाणी ओढून घेते, म्हणून तारे बुरशीपासून वाचतात. ते खायचे नाहीत, हे मुलांना बजावून सांगावे.

तारे वाळेपर्यंत मुलांना नकाशा द्यावा आणि सिलोन, गोवा, सुरत, स्ट्रासबुर्ग, मनमाड या ठिकाणांवर खुणा करायला सांगाव्यात. मग तोच प्रश्न पुन्हा विचारावा: हे बिस्किट कोणाचे? आमचा अनुभव असा, की या खेपेस उत्तर एका शब्दात येत नाही.