ऐकू येतं, पण उमगत नाही!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत माझ्या शेजारी एक पोरगा बसायचा. गुरुजी म्हणायचे, "पाटी ठेव, खडू आण अन् दार लाव." हा पाटी ठेवून उभाच. मग छडी. हाक मारली की वळायचा, म्हणून सगळे म्हणायचे, "ऐकू येतंय, सोंग करतो." हसणाऱ्यांत मीही होतो.

मुंबईत १९८३ सालीच श्रवणदोषासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली होती. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात श्रवणदोष होता. पण ऐकू येऊनही बोलणं न उमगणारं लेकरू त्या यादीत नव्हतं. २०१६ च्या कायद्यात प्रकार २१ झाले. 'विशिष्ट अध्ययन अक्षमते'च्या व्याख्येत बोललेली भाषा समजण्यातली अडचणही आली.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं. भाषा उशिरा येणं हेही त्या तपासणीत आहे. लाजू नका, पथकाला सांगा. आधी कान तपासा. हाकेला वळतं म्हणजे कान ठणठणीत, असं नसतं. मग वाचा-उपचारतज्ज्ञ.

घरी काय करायचं? समोर बसून, छोट्या वाक्यात, एका वेळी एकच काम सांगा. हातानं खूण करा. थोडं थांबा.

तो पोरगा चौथीतच शाळेतून गेला. गुरुजींनी तीन कामं एकेक करून सांगितली असती तर?

तुमच्या गल्लीत असं लेकरू असेल, तर त्याला 'ढ' म्हणू नका.