कशावरून? : विकिपीडियावर लिहू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली आगगाडी ठाण्याला पोहोचली, हे ठाणे-कल्याण पट्ट्यात वाढलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. शाळेच्या निबंधापासून सभेतल्या भाषणापर्यंत ‘भारतातली पहिली रेल्वे ठाण्याला आली’ हे वाक्य आपण अभिमानाने वापरतो. आता हेच वाक्य ज्ञानकोशाच्या नोंदीत लिहायचे आहे असे समजा. मद्रासजवळ रेड हिल्स येथे दगड वाहून नेण्यासाठी १८३७ मध्येच लोहमार्ग सुरू झाला होता. म्हणून कोशात ‘पहिली’ या शब्दापुढे ‘प्रवासी’ हा शब्द घालावा लागतो. एक शब्द वाढला, ठाण्याचा मान तसूभरही कमी झाला नाही आणि वाक्य खरे झाले. हा एवढासा शब्द कुठे हवा हे ओळखायचे, त्याचा आधार शोधायचा आणि तो नेमक्या जागी बसवायचा, हे विद्यार्थ्यांना शिकवता येते. ते कसे, हाच पुढच्या पानांचा विषय आहे.

विषय संगणकाचा वाटला, तरी त्याची मुळे आपल्याकडे जुनी आहेत. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, त्यातले पहिले पाच नुसत्या प्रस्तावनेचे. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून मराठी विश्वकोश निघू लागला. ठाण्यापुरते बोलायचे तर वि. ल. भावे यांचे नाव आधी घ्यायला हवे. १८९३ मध्ये ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय ज्यांच्या पुढाकाराने उभे राहिले, तेच ‘महाराष्ट्र सारस्वत’ या वाङ्मयेतिहासाचे कर्ते. त्या ग्रंथाची वाटचाल वाचकांनी जरूर पाहावी. भाव्यांनी तो आवृत्तीगणिक वाढवत नेला आणि त्यांच्या पश्चात शं. गो. तुळपुळे यांनी त्याला पुरवणी जोडली. एकाने मांडावे, दुसऱ्याने पुरे करावे, तिसऱ्याने दुरुस्त करावे ही रीत इथल्या अभ्यासकांना परकी नव्हती. विकिपीडियावर ती वर्षांऐवजी तासांत घडते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. आज त्यातले लेख लाखाच्या घरात आहेत. आकडा मोठा दिसतो, पण त्यातले कितीतरी लेख दोन-चार ओळींचेच आहेत आणि नव्या हाताला खरा वाव तिथेच आहे. पहिल्यांदा आत शिरणाऱ्याला तिथली भाषा ओळखीची वाटेल. सगळ्यांनी मिळून चर्चा करायच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात, व्यवस्था पाहणारे ते ‘प्रचालक’, पुन्हा पुन्हा लागणारी चौकट म्हणजे ‘साचा’. सरावासाठी राखलेल्या पानाचे नाव मला सर्वांत आवडते. ते आहे ‘धूळपाटी’. पूर्वी पंतोजींच्या शाळेत मुले पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवत. चुकले की हात फिरवायचा आणि पुन्हा लिहायचे. चूक पुसता येते एवढा धीर त्या पाटीने किती पिढ्यांना दिला असेल! तुम्हीही सुरुवात तिथूनच करा.

‘जिथे कोणीही लिहू शकतो, त्यावर भरवसा काय ठेवायचा?’ असे शिक्षक विचारतात, आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजे. उत्तर लेखाच्या माथ्यावरच्या दोन कळींत आहे. ‘इतिहास’ उघडला की पहिल्या अक्षरापासून आजपर्यंतचा प्रत्येक बदल तारीखवार दिसतो. कोणत्या खात्यावरून कोणती ओळ आली, कोणती गेली, ते ताडून पाहता येते. ‘चर्चा’ उघडली की त्या ओळीवरून झालेले मतभेद वाचायला मिळतात. छापील पुस्तकात खाडाखोड छापखान्याबाहेरच राहते, इथे ती वाचकाच्या हाती येते. म्हणून विद्यार्थ्याला लिहायला बसवण्याआधी एखाद्या वादग्रस्त लेखाचा इतिहास तासभर वाचायला लावावा, असा माझा आग्रह आहे. त्या एका तासाने विकिपीडियावरचा आंधळा विश्वास आणि आंधळा अविश्वास दोन्ही उतरतात.

एक जुना धडाही इथे सांगणे भाग आहे. २०११ मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा मोठा प्रयोग झाला. अनेकांनी पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उचलून डकवला. तो शोधून काढून टाकता टाकता जगभरच्या स्वयंसेवकांच्या नाकी नऊ आले आणि प्रयोग आवरता घ्यावा लागला. दोष त्या मुलांच्या माथी मारून मोकळे होणे मला पटत नाही. प्रकल्पवहीत कुठून तरी उतरवलेले सुवाच्य पान चिकटवले की शेरा मिळतो, हे आपणच त्यांना पहिलीपासून शिकवत आलो आहोत. विकिपीडियाने ती सवय चव्हाट्यावर आणली, इतकेच. वाचून पुस्तक मिटायचे, समजलेले आपल्या शब्दांत लिहायचे, मग पुस्तक पुन्हा उघडून तपासायचे, ही शिस्त आधी वहीवर बसली तरच पडद्यावर टिकते.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. समजा, तुम्ही कल्याणचे आहात आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावरचा लेख सुधारायला घेतला आहे. नाव ओळखीचे, जिव्हाळ्याचे. काम सोपे वाटेल. पहिल्याच ओळीत जन्मतारीख येते, ३१ मार्च १८६५. जन्मस्थळ मात्र काही ठिकाणी कल्याण दिलेले आढळते, तर काही ठिकाणी आजोळ म्हणून पुणे. तुमचे मन कल्याणकडे ओढ घेणार हे उघड आहे. ज्ञानकोशात त्या ओढीला जागा नाही. दोन्ही मते आपापल्या आधारांसह द्यायची आणि निवाडा वाचकावर सोडायचा. पुढे ‘पहिल्या भारतीय महिला डॉक्टर’ हे शब्द येतात. पुन्हा तोच ‘पहिली’चा प्रश्न! आनंदीबाईंना पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी ११ मार्च १८८६ रोजी मिळाली. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली वैद्यकीय अभ्यास पुरा करून डॉक्टर झाल्या. तेव्हा कोणती पदवी, कोणत्या देशात, हे लिहिल्यावाचून ‘पहिल्या’ म्हणता येत नाही. त्यानंतर आणखी अवघड वळण येते. आनंदीबाई आपल्यापैकी बहुतेकांना भेटल्या त्या श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’मधून. कादंबरी मोठी आहे, पण ती कादंबरी आहे. तिच्यातला संवाद चरित्राचा पुरावा म्हणून देता येत नाही. त्यासाठी कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेले इंग्रजी चरित्र आणि काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र यांच्याकडे वळावे लागते. दोन-तीन ओळी दुरुस्त करायला बसलेला विद्यार्थी असा ग्रंथालयाच्या पायरीवर येऊन उभा राहतो. या शिक्षणातला सर्वांत मोलाचा क्षण मला हाच वाटतो. प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ असे विचारायची सवय त्याला इथे लागते आणि ती विकिपीडियापुरती राहत नाही.

ग्रंथालयांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा जुन्या संस्थांच्या संदर्भ विभागात काय मिळेल हे विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांनाच विचारावे, ते आनंदाने सांगतात. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर तर चाळायलाच हवे. मुंबई इलाख्याच्या मालेतला तेरावा आणि चौदावा खंड त्याचा आहे. चौदाव्यात गावोगावची प्रेक्षणीय स्थळे येतात. देवळे, लेणी, तलाव, शिलालेख यांच्या वर्णनासाठी ते आजही उपयोगी पडते. मात्र जातीजमातींविषयी त्यात जे शेरे आहेत ते राज्यकर्त्यांच्या नजरेचे आहेत. ते सत्य म्हणून उतरवायचे नसतात. लागलेच तर ‘१८८२ च्या गॅझेटियरकर्त्यांचे मत’ असे नाव देऊन नोंदवायचे.

दुरुस्तीची कामेही आपल्या भागात भरपूर आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी लिहिलेल्या मजकुरात जव्हार, मोखाडा, वसई, डहाणू ठाणे जिल्ह्यात असतात. अशी ओळ दिसली की नुसते नाव बदलून चालत नाही. जुन्या घटनेच्या संदर्भात ‘तेव्हाचा ठाणे जिल्हा’ हेच बरोबर असते. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. शक आणि सन यांत ७८ वर्षांचे अंतर धरायचे विसरल्याने किती घोटाळे होतात हे कोशाचे काम करणाऱ्याला चांगले ठाऊक असते.

आता एका अडचणीविषयी मोकळेपणाने लिहितो, कारण ती सुटलेली नाही. कल्याण-भिवंडीकडच्या आगरी घरातली एखादी विद्यार्थिनी वर्गात असते. लग्नाचे विधी चालवणारी, धवले गाणारी धवलारीण तिने लहानपणापासून पाहिलेली असते. हळदीपासून पाठवणीपर्यंत कोणत्या वेळी कोणता धवला, हे तिच्या आजीला तोंडपाठ असते. मुलगी उत्साहाने लेख लिहिते, आणि ‘कशावरून?’ या प्रश्नाशी येऊन अडते. आजी हा संदर्भ विकिपीडियाला चालत नाही. छापील किंवा प्रकाशित आधार लागतो आणि स्वतः केलेले संशोधन तिथे मांडता येत नाही. नियम योग्य आहे, तो नसता तर ऐकीव गोष्टींचा पूर आला असता. तरीही ज्या समाजांविषयी इतरांनी फारसे लिहिले नाही, त्यांच्या वाट्याला यामुळे कोऱ्या जागा येतात, हे शिक्षकाने त्या मुलीपासून लपवू नये. या प्रश्नावर जगातही वाद झाला आहे. २०११ मध्ये अचल प्रभाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत मौखिक संदर्भांचा प्रयोग करून पाहिला. हिंदी, मल्याळम आणि सेपेडी या भाषांत तो झाला.

मग त्या मुलीने काय करावे? लोकगीतांचे छापलेले संग्रह आणि विद्यापीठांतले प्रबंध आधी धुंडाळावेत. जेवढे मिळेल तेवढेच लेखात घालावे, दोन ओळी झाल्या तरी चालतील. धवलारणीची परवानगी घेऊन स्वतः काढलेले छायाचित्र विकिमीडिया कॉमन्सवर चढवता येते. आजीकडून ऐकलेले मात्र वहीत तारीख, गाव आणि गाणारीचे नाव घालून सविस्तर उतरवून ठेवावे आणि महाविद्यालयाच्या वार्षिकांकात किंवा एखाद्या नियतकालिकात लेख म्हणून प्रसिद्ध करावे. एखाद्या अभ्यासकाला उद्या त्याचाच आधार घेता येईल. ज्ञानकोशात न मावणारे काम ज्ञानकोशाइतकेच महत्त्वाचे असते, हे तिला आपण आवर्जून सांगितले पाहिजे.

शिक्षकांसाठी थोडे. गुण द्यायचेच असतील तर लेखाच्या लांबीला देऊ नका. किती वाक्यांना आधार दिला आणि तो खरोखर त्या पानावर सापडतो का, याला द्या. पन्नास जणांच्या वर्गाला एकदम लेख लिहायला बसवण्यापेक्षा दहा जणांना प्रत्येकी एक परिच्छेद द्यावा आणि तो एकमेकांकडून तपासून घ्यावा. यंत्राने केलेले इंग्रजीचे भाषांतर मराठी म्हणून डकवू देऊ नका. ते वाचताना जीभ अडखळते, हे मुलांना मोठ्याने वाचायला लावले की त्यांचे त्यांनाच कळते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे मजकुरावर हक्क राहतो, हा भारतातला नियमही पहिल्याच दिवशी सांगून टाकावा.

आणि तुम्ही, ज्यांनी हे पान कुतूहलापोटी उघडले आहे, तुमच्यासाठी पहिले काम अगदी लहान आहे. आपण रोज जिथे गाडीत चढतो त्या गावाचा, मग ते मुंब्रा असो, दिवा असो, ठाकुर्ली असो की शहाड, मराठी विकिपीडियावरचा लेख उघडा. तो सावकाश वाचा आणि ज्या वाक्यापुढे कोणताही आधार दिलेला नाही असे एकच वाक्य वहीत लिहून घ्या. येत्या शनिवारी ती वही घेऊन वाचनालयात जा.