रोमन काँक्रीट : चुना, राख आणि लोखंडाविना उभा घुमट

रोममधील पँथिऑन या मंदिराच्या दर्शनी पट्टीवर मार्कस अग्रिपा याने ते बांधल्याचा लेख ठळक अक्षरांत कोरलेला आहे. शतकानुशतके लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिंतींतील विटांवर उमटवलेले उत्पादकांचे शिक्के तपासले गेले, तेव्हा आज उभी असलेली वास्तू अग्रिपानंतर शतकाहून अधिक काळाने, म्हणजे सम्राट हेड्रियनच्या कारकीर्दीत, इ. स. १२५च्या सुमारास पूर्ण झाल्याचे स्पष्ट झाले. कोरीव लेखापेक्षा वीट अधिक विश्वासार्ह ठरली!

रोमन वास्तुकलेचा विषय निघाला की स्तंभ, कमानी आणि संगमरवर यांचीच आठवण प्रथम होते. परंतु स्तंभांची शैली मुख्यतः ग्रीकांची, कमान तर मेसोपोटेमियातही फार पूर्वीपासून ज्ञात होती. आणि रोममधला संगमरवर बहुतेक ठिकाणी वरून बसवलेल्या पातळ लाद्यांचा आहे. रोमनांची स्वतःची म्हणावी अशी करामत या लाद्यांच्या आत दडलेली आहे. ती म्हणजे त्यांचे काँक्रीट.

चुनखडी भट्टीत भाजून मिळालेला चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडविटांचे तुकडे, एवढाच त्याचा मसाला. नेपल्सजवळील पुतिओली (आजचे पोत्सुओली) परिसरातील राख यासाठी विशेष नावाजलेली होती. तिच्यावरूनच अशा द्रव्यांना 'पोझोलाना' हे नाव पडले. साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो. राखेतील सिलिका व अ‍ॅल्युमिना यांच्याशी त्याचा संयोग झाला, की तो पाण्याखालीही घट्ट होतो. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील वास्तुविद विट्रुव्हियस याने आपल्या दहा खंडांच्या ग्रंथात समुद्रातील बांधकामासाठी एक भाग चुना व दोन भाग राख असे प्रमाण दिले आहे. हेरोद राजाने सिझेरिया येथे बंदर बांधले, तेव्हा ही राख नेपल्सच्या उपसागरातून जहाजांनी भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकापर्यंत नेण्यात आली. आपल्याकडील जुन्या बांधकामांत चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळत. त्यामागील रसायनही हेच. जेथे राख मिळत नसे तेथे रोमन गवंडीदेखील विटांचा चुराच वापरीत.

आजच्यासारखे पातळ काँक्रीट साच्यात ओतण्याची पद्धत मात्र तेव्हा नव्हती. दगडांचे तुकडे आणि घट्ट मसाला यांचे थरावर थर देऊन भिंत धुमसत वर नेत. दोन्ही बाजूंना दगडांचे वा विटांचे आवरण उभारले जाई आणि पोटात काँक्रीट भरले जाई. कधी हे आवरण शंकरपाळ्यांसारखे तिरके रचलेल्या लहान दगडांचे असे, पुढे त्रिकोणी विटांचे. विटांचे टोक आत वळवल्यामुळे त्या मसाल्यात पक्क्या रुतून बसत.

या तंत्राचा कळस पँथिऑनच्या घुमटात दिसतो. त्याचा आतील व्यास सुमारे ४३.३ मीटर असून जमिनीपासूनची उंचीही तितकीच आहे. लोखंडी सळ्यांचा आधार नसलेला काँक्रीटचा याहून मोठा घुमट आजही जगात नाही. येथे बांधणाऱ्यांनी वजनाचा विचार फार बारकाईने केला. पायात जड ट्रॅव्हर्टाइन दगड, मधल्या भागात टफ व विटा आणि माथ्याशी हलका, सच्छिद्र प्युमिस अशी खडी त्यांनी निवडली. तळाशी सुमारे सहा मीटर असलेली जाडी वर जाताना सव्वा मीटरच्या आसपास येते. शिवाय शिखरावर सुमारे नऊ मीटर रुंदीचे उघडे छिद्र! तरीही घुमटाला उभ्या भेगा आहेतच. तळाशी बाहेर ढकलणारा ताण काँक्रीटला पेलत नाही; त्या भेगांमुळे घुमट प्रत्यक्षात एकमेकांवर रेललेल्या कमानींप्रमाणे काम करतो आणि खालची जाड भिंत त्यांना आवरून धरते.

भेगांबाबत २०२३ साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी एक लक्षणीय निष्कर्ष मांडला. रोमन काँक्रीटमधील पांढऱ्या चुन्याच्या गाठी पूर्वी निकृष्ट मिश्रणाची खूण मानल्या जात. त्या कळीचा चुना न विरवता थेट मिसळल्यामुळे, प्रखर उष्णतेत तयार झाल्या असाव्यात, असे त्यांना आढळले. भेगेत पाणी शिरले की या गाठींतील चुना विरघळतो आणि पुन्हा स्फटिकरूप होऊन भेग बुजवतो. विट्रुव्हियस मात्र विरवलेल्या चुन्याची कृती सांगतो, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. ग्रंथातील कृती आणि गवंड्याच्या हातची कृती यांत अंतर पडणे नवे नाही.

या संशोधनानंतर 'रोमन काँक्रीट आजच्यापेक्षा श्रेष्ठ' अशी विधाने सर्रास केली जातात. ती अर्धसत्य आहेत. आजच्या काँक्रीटचा घात बहुधा आतील सळ्या गंजल्याने होतो हे खरे. पण त्या सळ्यांमुळेच सपाट स्लॅब, लांब तुळया आणि उत्तुंग इमारती शक्य होतात. शिवाय आपल्यापुढे उरले आहे ते टिकलेले रोम. कोसळलेले रोमही फार मोठे होते. इ. स. पूर्व ४४ मध्ये सिसेरोने मित्राला लिहिलेल्या पत्रात आपल्या मालकीची दोन दुकाने पडल्याचे आणि उरलेल्यांतून भाडेकरूच नव्हे, तर उंदीरही पळाल्याचे विनोदाने कळविले आहे. इ. स. २७ मध्ये रोमजवळील फिडेने येथे घाईने, कच्च्या पायावर उभारलेले लाकडी प्रेक्षागृह कोसळले. मृत व जखमींची संख्या पन्नास हजार असल्याचे टॅसिटस नोंदवतो. भाड्याच्या बहुमजली चाळींची उंची ऑगस्टसने सत्तर रोमन फुटांवर मर्यादित केली, ती याच भयापोटी.

थोरल्या प्लिनीने तर रोममधील इमारती पडण्याचे मुख्य कारण निःसंदिग्धपणे सांगितले आहे : चुन्याची चोरी. मसाल्यात घालायचा चुना मधल्यामध्ये लांबवला जाई आणि दगड बंधाविना रचले जात. तीन वर्षे न मुरलेला चुना ठेकेदाराने वापरू नये, असा जुना नियम असल्याची नोंदही तोच करतो. इ. स. ९७ मध्ये रोमच्या जलवाहिन्यांचा प्रमुख झालेल्या फ्राँटिनसनेही दुरुस्तीचे काम एप्रिल ते ऑक्टोबर याच काळात करावे आणि त्यातही कडक उन्हाळ्याचे दिवस वगळावेत, असे बजावले आहे. कारण मसाला नीट आळण्यास थंडी जितकी घातक, तितकीच प्रखर उष्णताही.