तांदूळ, चिंच आणि खोटं पकडणारं यंत्र

मी आठ वर्षांचा असेन. लोधिवलीत आमच्या शेजारच्या घरातून दहाची नोट नाहीशी झाली. त्या घरच्या आजोबांनी आम्हा सहा पोरांना ओटीवर रांगेत बसवलं आणि प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर तांदूळ ठेवले. ‘चावा आणि थुंका. चोराचे कोरडे निघतात.’ माझे कोरडे निघाले. नोट मी घेतली नव्हती. पण भीतीनं तोंडात थेंबभर लाळ उरली नव्हती. अब्बांनी मारलं नाही, पण तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. खरा चोर मला कित्येक वर्षांनी हसत म्हणाला, ‘मी गालात चिंच धरली होती रे!’

आजोबांची ही युक्ती फार जुनी. स्मृतिग्रंथांतल्या दिव्यांमध्ये तांदळाचंही दिव्य आहे. मराठेशाहीत रवादिव्य होतं. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, मग हात पिशवीत बांधून मोहर करायची आणि ठरल्या दिवशी उघडून पाहायचं.

1921 साली अमेरिकेतल्या बर्कलीचा पोलीस जॉन लार्सन यानं रक्तदाब आणि श्वास एकाच वेळी कागदावर उतरवणारं यंत्र केलं. पुढं त्यात तळहाताच्या घामाची नोंदही आली. हाच पॉलिग्राफ. गंमत अशी, की यातली एकही सुई खोटं मोजत नाही. ती मोजते शरीराची धडधड, आणि धडधडायला निरपराधाकडेही कारणं असतातच.

चाचणीत आधी कुणालाही अवघडवणारा प्रश्न विचारतात – ‘कधी कुणाला फसवलंयस का?’ – आणि नंतर गुन्ह्याचा. दोन्ही वेळच्या नोंदी ताडून पाहतात. म्हणजे पहिल्या प्रश्नाला जीभ चावली, पायाची बोटं दाबली किंवा मनात अवघड वजाबाकी केली, की तुलनाच बिघडते. ओहायोतल्या फ्लॉइड फे याला 1978 साली खुनाची शिक्षा झाली. पॉलिग्राफनं त्याला खोटा ठरवलं होतं. तो निर्दोष होता, 1980 साली सुटला. तुरुंगात त्यानं 27 कैद्यांना ही चिंच कशी धरायची ते शिकवलं. अपराधाची त्याच्याजवळ कबुली दिलेल्या त्या कैद्यांपैकी 23 जण यंत्राला चकवून गेले. यंत्राचे समर्थक म्हणतात, अनुभवी परीक्षकाला असे चाळे कळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं 2003 साली सांगितलं, की यंत्र नाणेफेकीपेक्षा बरंच बरं, पण अचूकतेपासून बरंच दूर.

आपल्याकडे तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात 2004 साली मुंबई उच्च न्यायालयानं अशा चाचण्यांना मोकळीक दिली. 2008 साली पुण्यात एका विषप्रयोगाच्या खटल्यात मेंदूच्या लहरींच्या चाचणीचाही आधार घेऊन जन्मठेप झाली. नंतर उच्च न्यायालयानं ती शिक्षा स्थगित केली. अखेर 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘सेल्वी’ खटल्यात सांगितलं, की पॉलिग्राफ, नार्को किंवा मेंदूची चाचणी कुणावरही सक्तीनं करता येणार नाही. संमती हवी, तीही मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवलेली. आणि संमती दिली, तरी चाचणीचा निकाल हा स्वतःहून पुरावा नव्हे.

निकाल वाचून बरं वाटलं. पण ‘संमती’ या शब्दापाशी मी अडखळतो. आजोबांनी त्या दिवशी ‘चावतोस का?’ असं विचारलं असतं, तरी मी काय सांगणार होतो? बाकीचे पाचजण चावत होते.