जेलवरचा आगंतुक पट्टा

प्रतिपिंडं वापरून पेशींच्या रसातून एखादं प्रथिन ओढून काढायचं म्हटलं, की सोबत दोनचार नकोसे पट्टे जेलवर येतातच. प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घालवलेली मी त्यांना सरळ घाण म्हणते आणि पुढच्या खेपेला धुण्याच्या द्रावणात मीठ वाढवते. म्हणूनच १९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायोनेल क्रॉफर्ड यांनी असा एक पट्टा घाण म्हणून टाकून दिला नाही, याचं मला भारी कौतुक.

त्यांच्या हाती होता एसव्ही४०. पोलिओच्या लशीसाठी वापरायच्या माकडाच्या मूत्रपिंडपेशींत १९६० मध्ये आढळलेला, अवघ्या ५,२४३ अक्षरजोड्यांचा विषाणू. तो टोचलेल्या हॅम्स्टरना गाठी होत आणि त्यांच्या रक्तद्रवात विषाणूच्या टी-अँटिजेन या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं मिळत. त्या प्रतिपिंडांनी ओढलं की फिल्मवर वरच्या अंगाला टी-अँटिजेनचा ठसठशीत काळा पट्टा, आणि खाली ५३,००० वजनाच्या जागी दुसरा. प्रिन्स्टनला डॅनियल लिंझर आणि आर्नल्ड लेव्हिन यांना तो विषाणूचा वाराही न लागलेल्या उंदराच्या कर्कपेशींतही दिसला. म्हणजे प्रथिन पेशीचंच, टी-अँटिजेनला चिकटून आलेलं. नाव पडलं पी५३. (खरं वजन ४४,००० च्या आसपास; जेलमध्ये ते उगाच रेंगाळतं.)

पुढची दहा वर्षं मात्र ते कर्करोग घडवतं असंच मानलं गेलं. हाताशी असलेले त्याच्या जनुकाचे क्लोनच बिघडलेले होते. १९८८ मध्ये एड हार्लो यांच्या गटाला ॲडिनोविषाणूचं ई१ए प्रथिन पेशीच्या आरबी या प्रथिनाला धरून बसलेलं सापडलं. आरबी पेशीविभाजनाला लगाम घालतं हे तोवर ठाऊक होतं. मग टी-अँटिजेननं धरलेलं पी५३ तरी वेगळं कशाला असेल? १९८९ मध्ये लेव्हिन यांच्याच प्रयोगशाळेनं दाखवलं, की धडधाकट पी५३ पेशींना कर्करोगाकडे वळू देत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगातला एचपीव्ही हा विषाणू या दोघांवरही हात टाकतो. त्याचं ई७ आरबीला धरतं. ई६ अधिक बेरकी: ते पेशीचंच एक विकर हाताशी धरून पी५३ वर युबिक्विटिन चिकटवतं, आणि पेशी आपलं प्रथिन आपणच मोडीत काढते. हेन्रिएटा लॅक्स यांच्या अशाच गाठीतून १९५१ मध्ये निघालेल्या हेला पेशींत पी५३ चं जनुक शाबूत आहे, प्रथिन मात्र जेमतेम. २००० साली येल विद्यापीठात त्या पेशींतली ई६ आणि ई७ ची जनुकं गप्प केली, तर पी५३ परत साचलं, आरबी कामाला लागलं आणि जवळपास पन्नास वर्षं वाढत आलेल्या पेशींचं विभाजन थांबलं.